नावापुरतं वळणदार अक्षर

लग्नसराई तोंडावर आली की सांगलीतल्या आमच्या प्रेसमध्ये एकच मागणी असते: "अख्खी पत्रिका त्या हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात करा." मी वधूवरांची नावं आनंदाने तशी करतो. मुहूर्त, पत्ता, निमंत्रकांची नावं मात्र साध्या, उभ्या अक्षरातच राहावीत, यासाठी गिऱ्हाइकाशी वाद घालतो.

'कलम' हा फॉन्ट घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये तो सर्वांसाठी मोफत खुला केला. देवनागरी अक्षरं लिपी रावल यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. प्रत्येक जाडीत १,०२५ आकार आहेत, कारण आपली जोडाक्षरं. अक्षरं चांगलीच तिरकी, गाठी मुद्दाम लहान ठेवलेल्या. छत्तीस पॉइंटात 'प्राजक्ता' जुळवलं की 'क्त'वर नजर ठरते. तेच अक्षर नऊ पॉइंटात पत्त्याला लावून त्यावर सोनेरी फॉइल मारलं, की गाठी बुजतात, 'ब'च्या पोटातली रेघ भरून जाते आणि बापटांचे वापट होतात. 'चि. सौ. कां.'मधला अनुस्वार तर शोधावाच लागतो. पत्रिका आजोबांच्या हातातही जाते आणि रिक्षात बसून फोनवरही वाचली जाते. तिथे पत्ता अडखळता कामा नये.

"मग सलग वळणांची मोडी लिपी कशी चालायची?" असं एका जाणकाराने विचारलं. प्रश्न रास्त आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायची. ती सोय लिहिणाऱ्याची होती, आणि वाचणाराही बहुधा त्याच तालमीतला कारकून असे. मोडी छापलीही गेली. विल्यम कॅरींच्या १८१०च्या मराठी कोशात मोडीचे खिळे आहेत. तरी छपाईत टिकलं ते बाळबोधच, आणि मला ते योग्य वाटतं. छापलेला मजकूर अनोळखी माणसालाही पहिल्या नजरेत वाचता यायला हवा.

नावासाठी मात्र वळणदार अक्षराला तोड नाही. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षकं हाताने घडवली, तेव्हा प्रत्येक नाटकाला स्वतःचा चेहरा मिळाला. फॉन्टमध्ये नेमकं तेच हरवतं. 'ममता' लिहिलं की दोन्ही 'म' हुबेहूब सारखे, आणि हाताचा भास तिथेच संपतो. म्हणून मी नावाची अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे सुट्या बाह्यरेषांत, बदलून घेतो आणि दुसऱ्या 'म'ची गाठ जराशी सैल करतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण लग्नाच्या पत्रिकेला तेवढा वेळ द्यायलाच हवा.

हे काम फॉन्टलाही जमू शकतं. हरमान झाफ यांच्या १९९८च्या 'झाफिनो' फॉन्टमध्ये एकेका रोमन अक्षराची अनेक रूपं आहेत. देवनागरी सुलेखनी फॉन्ट घडवणाऱ्यांनी आपल्यालाही तशी द्यावीत. 'ल' आणि 'श'ची मराठी वळणं त्यात हवीतच. सुरुवात नावांत वारंवार येणाऱ्या क, म, र, न आणि दोन्ही वेलांट्यांपासून करता येईल.