पासपोर्ट माहेरच्या नावाचा, तिकीट कोणत्या नावाचे?



आपल्या मुली आता नोकरीसाठी, शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागल्या आहेत. बऱ्याच जणी लग्नाआधीच पासपोर्ट काढून ठेवतात. मग लग्न होते. आपल्याकडे लग्नानंतर नुसते आडनाव बदलत नाही, वडिलांचे नाव जाऊन तेथे पतीचे नाव येते. रेशन कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक नव्या नावाचे होते. पासपोर्ट आणि पदवीचे प्रमाणपत्र मात्र माहेरच्या नावाचेच राहते. प्रवासाची वेळ आली की घरात घोळ सुरू होतो. कोणी म्हणते, "या नावावर विमानात बसूच देणार नाहीत." कोणी म्हणते, "आधी नाव बदल, मग जा." तिकडे कामावर हजर व्हायची तारीख जवळ आलेली असते आणि मुलगी रडकुंडीला येते.

म्हणून पहिली गोष्ट नीट ध्यानात घ्या. लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे, असा कोणताही कायदा आपल्या देशात नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट लग्न झाले म्हणून रद्द होत नाही. मुदत संपल्यावर तो त्याच नावाने पुन्हा काढता येतो. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सोपे केले, तेव्हा विवाहित अर्जदारांनी विवाहाचा दाखला जोडण्याची अटही काढून टाकली. अर्जात पतीचे नाव लिहिले म्हणून आपले आडनाव बदलावे लागत नाही.

मग अडते कुठे? अडते ते तिकिटावर. पती किंवा दीर हौसेने तिकीट काढतात आणि सवयीने सासरचे नाव घालतात. विमानतळावर कर्मचारी तिकीट आणि पासपोर्ट शेजारी धरून पाहतो, तर नावे दोन! तिकिटातले एखादे अक्षर चुकले असेल तर विमान कंपन्या बहुधा दुरुस्त करून देतात. आडनावच वेगळे असेल तर नव्या तिकिटाचा भुर्दंड बसू शकतो.

उपाय अगदी साधा आहे. परदेश प्रवासात पासपोर्टवर जे नाव, तेच तिकिटावर, तेच व्हिसाच्या अर्जात आणि तेच प्रवास विम्यावर. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन लांब ओळी छापलेल्या असतात. वरच्या ओळीत आधी आडनाव आणि मग नाव असते. तिकीट काढताना ते पान समोर ठेवावे आणि अक्षर न् अक्षर जुळवावे.

दुसरी गोष्ट विवाह नोंदणीची. विहारात किंवा मंडपात विधी झाल्यावर संस्थेकडून मिळालेले विवाहपत्र जपून ठेवाच. पण सरकारी नोंदणीचा दाखला वेगळा असतो. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेत होते. जुने आणि नवे नाव एकाच बाईचे आहे, हे दाखवणारा पूल म्हणजे हा दाखला. प्रवासात त्याची प्रत जवळ ठेवावी. पतीच्या व्हिसावर आखाती देशात जायचे असेल, तर तो आधीच सरकारकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो.

आई एकटी लहान मुलाला घेऊन निघाली आणि दोघांची आडनावे वेगळी असतील, तर मुलाचा जन्मदाखला सोबत हवा. त्यावर आईचे नाव असतेच. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावातही आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला आहे.

लुंबिनीला जाणाऱ्या भगिनींसाठी एक सूचना. नेपाळला विमानाने जाताना भारतीयांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, यांपैकी एक चालते. मात्र १५ ते ६५ वयाच्या प्रवाशांना आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि मतदार ओळखपत्र सासरच्या नावाचे असेल, तर कोणते दाखवणार ते आधी ठरवा आणि तिकीट त्याच नावाचे काढा.

कोणाला नाव बदलायचेच असेल तर तोही मार्ग खुला आहे. विवाहाचा दाखला जोडून पासपोर्ट नव्या नावाने पुन्हा काढून मिळतो. पण प्रवास तोंडावर आला असताना हे काढू नये. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल, तर आधी त्या देशाच्या दूतावासाला विचारावे.

सासू-सासऱ्यांना आणि पतिराजांनाही एवढेच सांगणे आहे. ज्या नावाने मुलगी शाळेत गेली, परीक्षा पास झाली, पदवी मिळवली, ते नाव म्हणजे तिची कमाई आहे. ते ठेवायचे की बदलायचे, हे तिने स्वतः विचार करून ठरवावे. विमान चुकेल या भीतीपोटी तर तो निर्णय मुळीच घेऊ नये.