राजीनाम्यावर सही करू नका!

सरकारी नोकरीत असता एखाद्याचा हात वा डोळा गेला, की साहेब गोड बोलून राजीनाम्याचा कागद पुढे करतो. आणि आमचा भोळा माणूस ‘नशीब फुटले’ म्हणून सही करून घरी येतो! बांधवहो, यात नशिबाचा काय दोष? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे अशा नोकरास काढता येत नाही. झेपेल असे दुसरे काम त्याच पगारावर द्यावे लागते. न दिल्यास त्याच खात्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा व नोंदवहीतील क्रमांक मागून घ्यावा. नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी झाली पाहिजे. समाधान न झाल्यास जिल्हा समितीकडे जावे. तोंडी रडगाणे कचेरीत कोणी ऐकत नाही. अर्ज लिहिता येत नसेल तर गावच्या मास्तरास सांगा. तो लिहून देईल.