वही भरली, पण कळलं काय?

दारव्ह्याहून एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांच्या लेकीने बारावीनंतर बी.बी.ए.ला नाव घातलं. बाकीचे विषय ती कसेबसे ओढते आहे, पण 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम्स' नावाचा एक पेपर आहे, त्याचं पुस्तक उघडलं की पोरगी रडकुंडीला येते. "मी बी.ए. झाले तेही मराठी वाङ्मय घेऊन. मी तिला काय सांगणार?" असं त्या विचारतात. शेवटी त्यांनी हळूच एक वाक्य लिहिलं आहे. जेवताना हा विषय निघाला तेव्हा 'हे कॉम्प्युटरचं आहे, तुला त्यातलं काय कळतं' असं त्यांना ऐकून घ्यावं लागलं.

हे वाक्य नसतं तर मी 'चांगला क्लास पाहा' एवढंच लिहून मोकळी झाले असते. पण त्या वाक्यामुळे या खेपेला लोणची-पापड बाजूला ठेवून याच विषयावर लिहायचं ठरवलं. कारण ज्या बाईने पंधरा-वीस वर्षं घर चालवलं आहे, तिला या पेपरातलं निम्मं आधीच येतं. फक्त त्याला इंग्रजी नावं आहेत हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

मैत्रिणींनो, कॉम्प्युटर हे या विषयातलं नुसतं भांडं आहे. स्वयंपाक वेगळाच आहे. एखाद्या दुकानात, कारखान्यात, दवाखान्यात रोज शेकडो गोष्टी घडतात. त्यांची नोंद कोण करतं, कुठे करतं, त्या नोंदीचं पुढे काय होतं, आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्या हातात कामाची गोष्ट वेळेवर पडते की नाही, एवढाच हा विषय. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो कॉलेजच्या वर्गात आणला आणि १९७४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे वामन जावडेकरांचं इंग्रजी पुस्तक बरेच विद्यार्थी वापरतात. दोन्ही जाडजूड. मुली बहुधा त्या जाडीलाच घाबरतात.

आता आपलं दुधाचं कॅलेंडर घ्या. दूधवाला येऊन गेला की आपण त्या तारखेच्या चौकटीत लिहितो: दीड, एक, दोन, खाडा. ही झाली नोंद. पुस्तकात तिला डेटा म्हणतात. महिनाअखेर बेरीज केली, साडेचव्वेचाळीस लिटर भरली. ही झाली माहिती, कारण तिच्यावरून पैसे द्यायचे ठरतात. मागच्या महिन्यात अडतीस होती. या महिन्यात पाहुणे नव्हते, सणवार नव्हता, मग साडेसहा लिटर गेलं कुठे? आजच्या भावाने चारशे रुपयांच्या घरातली गोष्ट आहे ही. हा प्रश्न ज्या बाईला पडला ती मॅनेजर झाली. जिला पडला नाही, तिने महिनाभर नुसतं कॅलेंडर भरलं.

पुस्तकात एक त्रिकोण काढलेला असतो, तोही याच कॅलेंडरवर समजावता येतो. तळाला रोजचे व्यवहार, म्हणजे चौकटीतले आकडे. त्याच्या वर ठरावीक मुदतीने निघणारे अहवाल, म्हणजे महिन्याची बेरीज आणि मागच्या महिन्याशी ताळा. त्याच्या वर निर्णयाला मदत करणारा भाग: गवळ्याचं दूध परवडतं की पाकिटाचं, मुलगा हॉस्टेलला गेल्यावर रतीब किती ठेवायचा. शेंड्याला लांब पल्ल्याचा विचार, म्हणजे अंगणात म्हैस बांधायची का? पोरीला हा त्रिकोण दुधाने भरून काढायला सांगा. परीक्षेत मग दुधाच्या जागी बँक किंवा साखर कारखाना घातला की झालं.

'एक्सेप्शन रिपोर्ट' नावाचा एक प्रकार आहे. सगळं सांगत बसायचं नाही, जे नेहमीपेक्षा वेगळं झालं तेवढंच सांगायचं. ज्या घरात सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत तिथे हे खातं विनामूल्य चालतं. तूरडाळ संपली असं त्या म्हणत नाहीत, "यंदा डाळ लवकर संपली गं" असं म्हणतात. त्या 'लवकर'मध्ये अख्खा अहवाल आहे. आपल्याला ते टोमण्यासारखं लागतं हा भाग निराळा!

याच विषयात रसेल ॲकॉफ नावाच्या एका विद्वानाने १९६७ साली लेख लिहून मोठी खोडी काढली होती. त्यांचं म्हणणं असं की वरच्या साहेबाला माहिती कमी पडते हे काही खरं दुखणं नाही. त्याच्यापुढे बिनकामाच्या माहितीचा ढीग फार येतो. पन्नासहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला. आपल्या मोबाईलवरच्या ग्रुपांकडे नजर टाका, शाळेची खरी सूचना शुभप्रभातच्या फुलांखाली कशी गाडली जाते ते पाहा, म्हणजे ॲकॉफ पटतील.

बचत गटातल्या भगिनींना तर हा विषय मुलींच्या आधी यायला हवा. गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेब लेखन. पण पुष्कळ ठिकाणी हिशेब लिहिला जातो तो बँकेचे साहेब तपासायला येतात म्हणून. वही भरते, सह्या होतात, वही कपाटात जाते. बैठकीत उठून विचारा, "कोणाकोणाचे दोन हप्ते थकले?" चटकन उत्तर आलं तर तुमच्या गटात माहिती आहे. वही उघडून अर्धा तास पानं उलटावी लागली तर नुसत्या नोंदी आहेत. उपाय साधा आहे. बैठकीच्या शेवटी एका कागदावर थकलेल्यांचे क्रमांक आणि रक्कम, बस. नावं वाचून कोणाला लाजवायचं नाही.

क्रमांक म्हटलं ते मुद्दाम. एका गटात दोन मंदाबाई असल्या की एकीची बचत दुसरीच्या नावावर चढते आणि मग सहा महिने अबोला. म्हणून सभासद क्रमांक हवा, एकीचा एकच, कधी न बदलणारा. पुस्तकात याला 'प्रायमरी की' म्हणतात आणि त्यावर दोन पानं खर्च करतात. आधार कार्डावर 'रेखा', पासबुकावर 'रेखाबाई' आणि रेशन कार्डावर माहेरचं नाव, या घोळात जिचे पैसे अडकले असतील तिला ही दोन पानं एका वाक्यात समजतील.

इथवर चारशे रुपयांच्या दुधाची आणि दोन हप्त्यांची गोष्ट होती. पण नोंद असूनही माहिती झाली नाही तर किती मोठी किंमत पडते, ते आपल्या जिल्ह्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

२०१७चा पावसाळा आठवा. पऱ्हाटी त्या साली डोक्याएवढी वाढली होती. किडीच्या धास्तीने फवारणीवर फवारणी चालली होती, दोन-दोन औषधं एकत्र कालवली जात होती, आणि माणसं तोंडाला फडकंही न बांधता पाठीवर पंप घेऊन वावरात शिरत होती. जुलै-ऑगस्टपासून विषबाधेचे रुग्ण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येऊ लागले. राज्यभर बोभाटा झाला तो सप्टेंबर सरता सरता, आणि सरकारने विशेष चौकशी पथक नेमलं ते ऑक्टोबरात. त्या हंगामात जिल्ह्यात २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो आजारी पडले, कित्येकांच्या डोळ्यांना त्रास झाला.

नोंदी नव्हत्या असं नाही. दवाखान्यात आलेल्या रुग्णाचा केसपेपर होतोच, त्यावर गाव असतं. कृषी केंद्राला औषधाच्या साठ्याची आणि विक्रीची वही ठेवावी लागते. १९६८च्या कीटकनाशक कायद्यात तर २६वं कलम खास याचसाठी आहे: फवारणीच्या औषधाने विषबाधा झाल्याचं ज्यांना कळेल त्यांनी ते कळवलंच पाहिजे, असं राज्य सरकार अधिसूचना काढून ठरवू शकतं. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की ही खबर वर पोचली पाहिजे. पण केसपेपर दवाखान्यात, बिलबुक दुकानात, शेतीखात्याचे कागद तिसरीकडे. या आठवड्यात फवारणीचे किती आले, कोणत्या तालुक्यातून आले, मागच्या आठवड्यापेक्षा जास्त का, हे तीन प्रश्न दर सोमवारी एका टेबलावर आले असते तर ऑगस्टमध्येच गावोगाव दवंडी पिटता आली असती, असं मला अजूनही वाटतं. त्याला काही मोठी यंत्रणा लागत नाही. एक कारकून, एक टेलिफोन आणि विचारणारं माणूस पुरे. एम.आय.एस.च्या पेपरात 'माहिती वेळेवर मिळण्याचं महत्त्व' असा प्रश्न हमखास येतो. आपल्या जिल्ह्यातल्या मुलीने त्या उत्तरात परदेशी कंपनीचं उदाहरण कशाला शोधायचं?

(जाता जाता: फवारून आलेले कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. हातमोजे घालून वेगळ्या बादलीत धुवा, आणि ती बादली पुन्हा स्वयंपाकघराकडे आणू नका.)

आता घराकडे वळू. हिशेबाची वही ठेवा असा सल्ला अशा पानांतून तुम्हाला शंभर वेळा मिळाला असेल. मी म्हणते, आधी प्रश्न ठरवा, मग वही आखा. कॉलेजातही हेच शिकवतात: निर्णय कोणता घ्यायचा आहे ते पहिल्यांदा, त्याला माहिती कोणती लागेल ते त्यानंतर, आणि नोंद काय ठेवायची ते शेवटी. आपण उलटीकडून सुरुवात करतो. कोथिंबिरीचे दहा रुपयेही लिहितो, आणि जूनमध्ये शाळेची फी, बी-बियाणं आणि विम्याचा हप्ता एकदम अंगावर आले की दागिना गहाण पडतो. तुमचा खरा प्रश्न 'पैसे कुठे जातात' हा नसून 'जून कसा काढायचा' हा असेल, तर वहीला वर्षाचे बारा रकाने हवेत आणि त्यात फक्त मोठे खर्च. कोथिंबीर सोडून द्या. एकाच पानावर वर्ष दिसलं की जूनची तयारी फेब्रुवारीतच सुरू होते.

दुसरा प्रश्न अवघड आहे, पण विचारलाच पाहिजे. घरावर देणं किती आहे आणि कागद कुठे आहेत? नवऱ्याच्या माघारी बँकेची नोटीस आल्यावर कर्ज होतं हे कळलं, अशा बायका आपल्या जिल्ह्यात थोड्या नाहीत. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारी मदत द्यायची तर जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं होतं का, परतफेडीचा तगादा होता का, हे तपासलं जातं. ज्या घरात हे बाईला ठाऊक नसतं, तिथे तेराव्यानंतर तिला तलाठ्यापासून सोसायटीपर्यंत एकेका कागदासाठी हिंडावं लागतं. शेती नसलेल्या घरातही विमा, घराचं कर्ज, भिशी, मित्राला दिलेली जामीनकी, सगळं 'त्यांना माहीत आहे' या एका वाक्यावर उभं असतं. ज्या कारखान्याचा सगळा हिशेब एकाच माणसाच्या डोक्यात आहे, त्याला पुस्तकात धोक्यातला कारखाना म्हणतील.

तेव्हा एक पान तयार करा. कोणत्या बँकेत खातं, वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय, कर्ज कोणाचं आणि किती, जामीन कुठे राहिलो आहोत, सातबारा आणि विम्याची पॉलिसी कोणत्या पेटीत. एकदम विषय काढला तर घरात भुवया वर जातील. लेकीच्या अभ्यासाचं निमित्त करा. "तिला कॉलेजातून घराची माहिती-व्यवस्था आखून आणायला सांगितलंय," म्हटलं की बाबा स्वतः पेटी उघडून बसतात. लेकीने खरोखरच ते आखून नेलं तर थाप ठरणार नाही, आणि 'तुला काय कळतं' म्हणणाऱ्यांना त्याच पेटीपुढे बसून एकेक कागद तुमच्या हातात द्यावा लागेल.

पानावर पासवर्ड आणि ए.टी.एम.चा नंबर मात्र लिहू नका. वरच्या कोपऱ्यात तारीख घाला. दर दिवाळीला फराळाची भांडी काढायच्या आधी नवं पान लिहा. जुन्यावर आडवी रेघ मारा, पण ते फाडू नका. कर्ज किती होतं आणि किती उतरलं हे दोन पानं शेजारी ठेवल्यावरच दिसतं.