अझोला गोठ्यात हवा, ताटात नको

गोठ्याशेजारी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला उथळ खड्डा आणि पाण्यावर हिरवागार थर, हे दृश्य आता खेड्यापाड्यांत नवीन राहिलेले नाही. हा अझोला. पेंडीचे भाव चढलेले असताना शेतकऱ्यांनी त्याची कास धरली, हे योग्यच झाले. परंतु अझोल्यात बी-१२ जीवनसत्त्व भरपूर असते, तेव्हा शाकाहारी माणसांनीही त्याची पूड का खाऊ नये, असे काही रुग्ण विचारतात. त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे.

अझोला हे शेवाळ नव्हे. ते पाण्यावर तरंगणारे इवलेसे नेचे आहे. त्याच्या पानांच्या पोकळीत निळे-हिरवे शेवाळ वस्तीला असते. ते हवेतील नत्र धरून नेच्याला पुरविते. वाळविलेल्या अझोल्यात सुमारे पाव हिस्सा प्रथिने असतात ती त्यामुळेच. ताज्या अझोल्यात मात्र शंभरातील नव्वदहून अधिक भाग पाणीच असते.

आता बी-१२ विषयी. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती स्वतः तयार करीत नाही, ते काम जीवाणूंचे आहे. निळ्या-हिरव्या शेवाळांत बी-१२ सारखा एक पदार्थ आढळतो, पण तो माणसाच्या शरीराला उपयोगी पडत नाही. स्पिरुलिनाच्या बाबतीत हे तपासणीत दिसून आले आहे. काही तपासण्यांना खऱ्या-खोट्यातील हा फरक कळत नाही आणि कागदावरचा आकडा मोठा दिसतो.

गाई-म्हशींची गोष्ट वेगळी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील जीवाणू चाऱ्यातील कोबाल्ट वापरून खरे बी-१२ बनवितात आणि त्यातील काही दुधात उतरते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागते. अर्धा लिटर दुधात ते साधारण २ मायक्रोग्रॅम मिळते. म्हणून अझोला जनावराने खावा आणि दूध-दही आपण घ्यावे. सगळे दूध डेअरीला घालून घरात बिनदुधाचा चहा पिणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, जीभ लाल होणे, सतत थकवा, विसराळूपणा ही बी-१२ च्या कमतरतेची लक्षणे असू शकतात. अशा वेळी पूड खाऊन महिनोन्‌महिने वाट पाहू नये. रक्त तपासून घ्यावे. गोळ्या व इंजेक्शने स्वस्त आहेत आणि गुणकारीही. मज्जातंतूंना फार काळ इजा होत राहिली, तर ती पुढे पूर्ण भरून येईलच असे नाही.

ज्यांच्याकडे खड्डा आहे, त्यांनी तीन पथ्ये पाळावीत. पहिले, त्यात गटाराचे किंवा कारखान्याचे पाणी सोडू नये. अझोला जड धातू शोषून घेतो आणि ते जनावराच्या पोटात जातात. दुसरे, चाळलेली माती, शेणकाला, थोडे सुपर फॉस्फेट व सुमारे दहा सेंटिमीटर पाणी एवढ्यावर तो वाढतो. वर थोडी सावली असावी. रोज थोडाच काढावा आणि शेणाचा वास जाईपर्यंत धुऊन, खाद्यात मिसळून द्यावा. तिसरे पथ्य डासांचे. थर दाट व सलग असेल, तर डासांची वाढ रोखली जाते. थर विरळ झाला किंवा खड्डा तसाच सोडून दिला, की ते साचलेले पाणीच! आठवड्यातून एकदा अळ्या आहेत का ते पाहावे. असल्यास खड्डा उपसून कोरडा करावा. त्यात कीटकनाशक मुळीच ओतू नये, कारण तो जनावराचा घास आहे.

अझोला हे उत्तम पशुखाद्य आहे. त्याला माणसाचे औषध बनविण्याचा आग्रह नको, असे माझे स्पष्ट मत आहे.