ज्वाळांआधी धूर पोहोचतो

कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. गच्चीवरच्या पबमध्ये आग पसरू लागल्यावर काही जण स्वच्छतागृहात शिरले आणि तेथेच गुदमरले. पुढच्या वर्षी २२ ऑगस्टला परळमध्ये हिंदमाताजवळ क्रिस्टल टॉवरच्या बाराव्या मजल्यावर आग लागली. त्यात चौघे दगावले. दोन्ही वेळा चर्चा रंगली ती बंब किती वेळात आला आणि शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोहोचली याची. पण बंद जागेतला धूर माणसाला काही मिनिटांत बेशुद्ध करू शकतो आणि त्या मिनिटांत तेथे रहिवाशांखेरीज कोणी नसते. मुंबईची आगीची तयारी सुरू व्हायला हवी ती तेथून.

सोफ्यातला फोम, पडदे, वायरींची आवरणे जळतात तेव्हा धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन विषारी वायू असू शकतात. पहिल्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. दुसरा पेशींना मिळालेला प्राणवायू वापरू देत नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणूस गोंधळतो, पाय लटपटतात, रोजचे दार सापडत नाही.

येथे एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. करोनाकाळात घरोघरी आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर धुरात अडकलेल्या माणसाच्या बाबतीत फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि तो खुशाल ९८ आकडा दाखवतो. तेव्हा डोके दुखत असेल, मळमळत असेल, आवाज बसला असेल किंवा नाकात काजळी दिसत असेल, तर आकडा कितीही चांगला असो, रुग्णालय गाठावे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम साधारण तास-दीड तासात होते.

क्रिस्टल टॉवरमधल्या दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना सुती कापडातून श्वास घ्यायला सांगितले. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कारही मिळाला. घाबरलेल्या मोठ्यांना तिने सावरले, हे मोलाचेच. मात्र कापड काजळी अडवते, कार्बन मोनॉक्साइड नाही. नाकाला ओला रुमाल बांधून धुराने भरलेल्या जिन्यातून दहा मजले उतरू पाहणे जिवावर बेतू शकते.

मग बाहेर पळावे की घरात थांबावे? गिरगाव-लालबागमध्ये याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण एकाच गल्लीत शंभर वर्षांची चाळ आणि चाळीस मजल्यांचा टॉवर शेजारी शेजारी उभे आहेत. जुन्या चाळीत लाकूड मुबलक. पण समोरची उघडी गॅलरी धुराला वाट देते. तेथे भीती इमारत कोसळण्याची. काळबादेवीत ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाच्या चार अधिकाऱ्यांचा त्यात मृत्यू झाला. म्हणून चाळीत सामान न आवरता तत्काळ खाली उतरायचे, आणि त्यासाठी जिन्यातल्या सायकली, गोण्या, जुनी कपाटे आधीच हलवायची.

टॉवर सिमेंटचा, पण बंद लॉबी, डक्ट आणि जिना ही धुराची धुराडी होतात. आग आपल्याच घरात असेल तर बाहेर पडून दार ओढून घ्यायचे, लिफ्ट टाळून जिन्याने उतरायचे. आग दुसरीकडे असेल आणि जिन्यात धूर भरला असेल, तर दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबायचा, खिडकीशी थांबून १०१ ला मजला आणि घर क्रमांक सांगायचा. यालाही मर्यादा आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली लोकांना जवळपास दोन तास घरातच थांबायला सांगितले गेले. बाहेरच्या आवरणातून आग वर चढत राहिली आणि ७२ जण मरण पावले. आपल्या इमारतीसाठी नेमके काय करायचे, हे अग्निशमन दलाकडून समजून घेऊन जिन्याशी मराठीत लिहून लावले पाहिजे.

कायदा कमी नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. गोम अशी की, ते देणारी परवानाधारक संस्था निवडते इमारत आणि तिचे पैसे भरतेही इमारतच. क्रिस्टल टॉवरला तर भोगवटा प्रमाणपत्रच नव्हते आणि तेथली अग्निशमन यंत्रणाही बंद होती. पालिकेने काही इमारती अचानक तपासाव्यात आणि निकाल नावानिशी जाहीर करावेत. विकासकांना झोंबेल, पण घर घेणाऱ्याला हे कळायला नको का?

लालबाग-परळच्या मंडळांकडे अशा कामाची हातोटी आहे. लाखोंची रांग सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांना, कोणत्या मजल्यावर कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला उचलून न्यावे लागेल, याची यादी करणे अवघड नाही. वर्षातून एकदा लिफ्ट बंद ठेवून सगळ्यांनी जिना उतरून पाहावा. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत, रंगकामाचा विषय येण्याआधी, सचिवांना दोन प्रश्न विचारावेत: आगीचा पंप शेवटचा कधी चालवून पाहिला, आणि तेव्हा सर्वांत वरच्या मजल्यावर पाणी आले होते का?