रेघ ओढण्यापूर्वी

दारापुढे सडा घालावा आणि ओल्या भुईवर रांगोळीची पहिली रेघ ओढावी, ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. म्हैसूरच्या गल्ल्यांतूनही सकाळी हेच प्रसन्न दृश्य दिसते. सड्याने धूळ बसते, रांगोळी भुईला धरून राहते, आणि दुसऱ्या दिवशी ती पुसून नवी काढावयाची असल्यामुळे तिच्या टिकाऊपणाची चिंता कोणी करीत नाही. डांबरी अंगणात रंगाने ओढलेल्या रेघेचे मात्र अगदी उलट आहे. तिला ओलावा वर्ज्य, आणि तिने वर्षभर टिकावे अशी आपली अपेक्षा. हा भेद मला ज्या प्रसंगाने शिकविला, तो वाचकांपुढे ठेवण्यासारखा आहे.

म्हैसुरातील आमच्या वसाहतीत फाटकापासून जिन्यापर्यंत एक डांबरी वाट आहे. त्याच वाटेने मोटारी येतात, शाळेच्या गाड्या येतात, आणि मुले व वृद्ध माणसेही त्याच वाटेने चालतात. म्हणून एका कडेला चार फुटांची पट्टी पायी चालणाऱ्यांसाठी राखून तेथे पांढरी रेघ आखावी, असे सर्वांनी ठरविले. दसऱ्याला पाहुणेमंडळी येणार, तेव्हा काम त्यापूर्वी व्हावे असा आग्रह मी धरला. माझे लहानपण पुण्यात गेले. नवरात्र बसले की पाऊस परतला, हा तेथला हिशेब माझ्या मनात पक्का होता.

कामाच्या दिवशी सकाळी मेस्त्री वाकले, डांबरावर तळहात ठेवून क्षणभर थांबले आणि म्हणाले, “सार, रात्री पाऊस झाला आहे. जमीन वरून कोरडी दिसते, पण पोटात ओली आहे. चार दिवस थांबू या.”

“थांबणे शक्य नाही. ऊन तर चांगले पडले आहे,” मी उत्तर दिले.

रेघ ओढली गेली. दसऱ्याला ती सुरेख दिसली. दिवाळीपर्यंत तिचे पापुद्रे सुटू लागले आणि त्यानंतर पंधरवड्यात ती बहुतेक नाहीशी झाली. मग एके दिवशी तिन्हीसांजेला एक मोटार मागे येत असता सात वर्षांचा एक मुलगा तिच्या चाकापासून हातभर अंतरावर वाचला. मी धावत गेलो तेव्हा तो रडत मला एवढेच म्हणाला, “काका, मी रेघेच्या आतच होतो!” त्याचे खरे होते. त्याने रेघ पाठ केली होती. मोटार चालविणाऱ्याला मात्र ती दिसलीच नव्हती, कारण ती उरली नव्हती.

त्यानंतर मी या विषयाकडे नीट लक्ष दिले. कोणतीही खूण टिकते ती पृष्ठभागाशी तिचा सांधा जुळला तरच. याचे उत्तम उदाहरण याच गावात आहे. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या राजवटीत १९३७ साली स्थापन झालेला लाख व रंगांचा कारखाना आज ‘म्हैसूर पेंट्स अँड वार्निश’ या नावाने चालतो, आणि १९६२ च्या निवडणुकीपासून मतदारांच्या बोटाला लागणारी शाई तेथेच बनते. त्या शाईतील सिल्व्हर नायट्रेट त्वचेशी एकजीव होते, म्हणून ती धुतल्याने जात नाही. डांबरावरील रंगालाही असाच घट्ट आधार लागतो. रंग आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहिला, तर रंग डांबराला न चिकटता त्या ओलाव्यावर बसतो. पुढे ऊन लागून आतल्या पाण्याची वाफ झाली की ती रंगाला वर उचलते, आणि पापुद्रा सुटतो.

हा ओलावा केवळ पावसानेच येतो असे नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात टाकून हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर दव जमते. हवेतील बाष्पाचे ज्या तापमानाला पाणी होऊ लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी अधिक असावे, हा रंगाऱ्यांचा मान्य नियम आहे. हल्ली हवामानाच्या अंदाजात दवबिंदूही दिलेला असतो. तो अवश्य पाहावा. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असेल, किंवा जमीन १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल, तर डबा उघडू नये.

मग भर उन्हाळ्यातील दुपार सर्वांत चांगली, असे कोणास वाटेल. तेही खरे नव्हे. हवा ३५ अंशांवर असताना काळ्या डांबराचा पृष्ठभाग ५५ अंशांच्याही वर जातो. अशा तव्यावर रंगाची वरची साय लगेच धरते, आतील द्रव कोंडतो आणि फोड येतात. शिवाय मऊ पडलेले डांबर पांढऱ्या रंगात उतरून त्याला तपकिरी करते. नव्या डांबरातील तेलकटपणाही रंगाला असाच बाधतो, म्हणून ताज्या डांबरावर काही आठवडे रेघ ओढू नये.

योग्य ऋतू कोणता, याचे उत्तर गावोगावी निराळे आहे. म्हैसूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. येथे वळवाचा पाऊस मे महिन्यात जोर धरतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरात. वर्षातील सर्वांत ओल्या महिन्यांत या दोहोंची गणना होते. म्हणजे दसऱ्याचा मुहूर्त येथे रेघेसाठी प्रतिकूल, आणि डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. पुण्यात नोव्हेंबरातही काम होऊ शकते. तंजावरच्या मराठी घरांना मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाळाच असल्यामुळे फेब्रुवारीची वाट पाहिली पाहिजे. ग्वाल्हेरकरांनी जानेवारीतील धुके व कडाक्याची थंडी टाळून फाल्गुनाकडे वळावे. कोकणात पाऊस गेल्यावरही पहाटेचे दव उशिरापर्यंत राहते, हे विसरू नये.

ऋतू ठरला तरी दिवस आणि वेळ पारखावी लागतेच. पाऊस थांबल्यावर निदान २४ तास जावेत, आणि पुढील रात्रीही पावसाचा संभव नसावा. जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा उन्हातील डांबरावर चारही कडांनी चिकटवून वीस मिनिटे ठेवावा. आतल्या बाजूस थेंब जमले तर जमीन अजून ओली आहे असे समजावे. सोसाट्याच्या वाऱ्याने धूळ बसते आणि रंगाचे तुषार भलतीकडे उडतात. मंद झुळूक मात्र हितावह असते. सकाळी दव पूर्ण सुकल्यावर, साधारण नऊ-दहाच्या सुमारास काम सुरू करावे आणि रंग संध्याकाळच्या गारव्याआधी पुरता वाळेल अशा बेताने संपवावे. प्रथम झाडून धूळ काढावी, तेलाचे डाग धुऊन ती जागा वाळू द्यावी, मग सूत मारून खूण करावी. रात्री रेघ चमकावी अशी इच्छा असेल, तर रस्त्यांसाठी मिळणारे काचेचे बारीक मणी रंग ओला असतानाच त्यावर भुरभुरावेत.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही त्याच मेस्त्रींना पुन्हा बोलाविले. या वेळी दिवस त्यांनी निवडला. पहिल्या दिवशी सकाळी प्लॅस्टिकखाली दोन थेंब दिसले, तेव्हा त्यांनी न बोलता सामान आवरले. मीही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी काम झाले. त्यानंतर मेमधील वळीव गेला, दसऱ्याचे पाहुणे येऊन गेले, तरी रेघ जागच्या जागी आहे. तो मुलगा अजूनही तिच्या आतूनच शाळेच्या गाडीकडे जातो. आपण सांगितलेल्या रेघेवर मुले असा पूर्ण विश्वास ठेवतात. म्हणून वाचकहो, ती ओढण्यापूर्वी पंचांगातील सणाची तारीख बाजूस ठेवून एकदा भुईवर तळहात टेकून पाहावा.