अवसेचा पाडवा

गेल्या माघांत आमच्या पंगतींत एक नवाच वाद माजला होता. धाकट्या नातीनें कोठूनसें ऐकून आणलें कीं, चिनी लोकांत दर वर्षास एकेका प्राण्याचें नांव असतें आणि ज्याच्या त्याच्या जन्मवर्षाचा प्राणी त्यास आयुष्यभर चिकटतो. मग काय विचारतां! थोरल्या वहिनींपासून पाळण्यांतल्या नातवापर्यंत सर्वांचीं जनावरें ठरूं लागलीं. माझें जन्मवर्ष १९६०. तें निघालें उंदराचें. "तरीच रात्रीं फडताळांत खुडबुड चालते," असा शेरा आमच्या सौभाग्यवतींनीं मारला. गणपतीचें वाहन मिळालें, यांतच मीं समाधान मानलें.

वाचकांपैकीं कोणास आपलें जनावर जाणावयाचें असल्यास त्यांनीं जन्माच्या इसवी सनास बारानें भागावें. बाकी शून्य उरल्यास माकड. मग एकापासून क्रमानें कोंबडा, कुत्रा, डुक्कर, उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा आणि अकरा उरल्यास बोकड. जानेवारी-फेब्रुवारींत जन्मलेल्यांनीं मात्र जपावें. चिनी पाडव्यापूर्वीं जन्म झाला असल्यास मागील वर्षाचें जनावर वांट्यास येतें.

मुलांची करमणूक एवढ्यावर भागली. मला मात्र यामागचें पंचांग पाहण्याची बुद्धि झाली. बारा प्राण्यांच्या मालिकेस दहांची दुसरी एक मालिका जोडलेली असते, व दोहोंचा मेळ साठ वर्षांनीं पुन्हा पहिल्या जागीं येतो. प्रभव, विभव अशीं साठ संवत्सरें मोजणाऱ्या आपणांस हें चक्र परकें वाटूं नये. त्यांचा महिना चांद्र, आणि अधिक मासाचा नियमहि स्थूलमानानें आपलाच: ज्या चांद्रमासांत सूर्य राशि बदलीत नाहीं तो अधिक. ते राशि सायन मोजतात, आपण निरयन. म्हणून त्यांचा अधिक मास २०२५ च्या जुलै-ऑगस्टांत पडला आणि आपला अधिक ज्येष्ठ २०२६ च्या मे-जूनमध्यें. त्यांचा पाडवा आपल्या गुढीपाडव्याच्या कधीं एक, कधीं दोन महिने आधीं येतो, त्याचेंहि कारण हेंच. आणखी एक भेद आहे. आपली प्रतिपदा अमावास्या सरल्यावर लागते. त्यांचा महिना सूर्य-चंद्रांची युति ज्या दिवशीं होते त्याच दिवशीं सुरू होतो. तेव्हां चिनी पाडवा बहुधा ऐन अवसेला पडतो.

हें मला फार उशिरां कळलें, आणि तें लिहिण्यासाठींच आज लेखणी हातीं घेतली आहे.

१९८८ सालीं मी एका शाळेंत आठवीस संस्कृत शिकवीत होतों. वर्गांत एक चिनी मुलगा होता. वडिलांचें जोड्यांचें लहानसें दुकान. मुलगा मराठी आपल्या मुलांसारखें बोले आणि 'रामः रामौ रामाः' तर पुष्कळांहून स्वच्छ म्हणे. १७ फेब्रुवारीस तो आला नाहीं. दुसऱ्या दिवशीं कारण विचारलें, तेव्हां म्हणाला, "सर, काल आमचा पाडवा होता."

"अवसेला कसला रे पाडवा?" मीं म्हटलें. सगळा वर्ग हंसला, मीहि हंसलों. तो खालीं मान घालून बसला. दरवर्षीं आश्विनी अवसेला लक्ष्मीपूजन करणाऱ्या माणसानें हा प्रश्न विचारावा! पुढच्या वर्षीं तो एक दिवसहि गैरहजर राहिला नाहीं. पूर्ण हजेरीचें बक्षीस मींच त्यास दिलें, पाठ थोपटून. त्या वर्षींचा चिनी पाडवा ६ फेब्रुवारीस, सोमवारीं होता, हें मला परवां कळलें.

त्या सोमवारीं तो घरीं काय सोडून आला असेल? पाडव्यापूर्वीं आठवडाभर चुलीच्या देवाची पाठवणी होते. हा देव स्वर्गांत जाऊन घरांतल्या वर्षभराच्या कागाळ्या सांगतो. म्हणून निघतांना त्याच्या तसबिरीच्या ओठांस मध किंवा चिकट मिठाई फांसतात, म्हणजे तो गोडच बोलेल, निदान तोंड तरी उघडणार नाहीं. घर झाडून लख्ख करतात आणि पाडव्याच्या दिवशीं केरसुणीस हात लावीत नाहींत, कारण आलेलें भाग्य केराबरोबर बाहेर जावयाचें. दिवेलागणीनंतर केर न काढणाऱ्या आपल्या आजीबाईंस हें पटवून द्यावें लागणार नाहीं. आदल्या रात्रींची पंगत ही खरी मुख्य. गांवोगांवचे मुलगे तीसाठीं घर गांठतात. नैवेद्य आधीं पितरांना, मग जेवण. मासा अखंड वाढतात व थोडा मुद्दाम उरवितात. 'मासा' आणि 'शिल्लक' या दोन्ही शब्दांचा त्यांच्या भाषेंत उच्चार एकच, 'यू'. चिकट तांदळाच्या पिठांत साखर घालून वाफविलेली 'नीन गो' नांवाची वडी असते. उत्तरेकडे गव्हाच्या पारीच्या करंज्या उकडतात. शाकाहारी वाचकांनीं नाक मुरडूं नये. पाडव्याच्या दिवशीं पुष्कळ बौद्ध कुटुंबांत सामिष वर्ज्य असतें आणि भाज्या, अळंबीं यांचा जो पदार्थ करतात त्याचें नांव 'लोहान'वरून पडलें आहे. लोहान म्हणजे आपला अर्हत्! सकाळीं वडील माणसें मुलांस लाल पाकिटांतून पैसे देतात. गिरगांवच्या नाक्यावर हातगाडीवर मिळतें त्या 'चायनीज'चा यांत कोठें पत्ता नाहीं. मंचुरियनचें जनकत्व तर १९७५ मध्यें मुंबईंतच, नेल्सन वँग या कलकत्त्यांत जन्मलेल्या आचाऱ्याकडे जातें.

मुंबईंतली ही वस्ती आतां फार थोडी उरली आहे. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारें तीन हजार माणसांस राजस्थानांत देवळी येथील छावणींत ठेवण्यांत आलें; त्यांत बायका-मुलेंहि होतीं. पुढें पुष्कळ कुटुंबें देश सोडून गेलीं. त्याच चीनमध्यें आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधि आहे. १९४२ च्या डिसेंबरांत ते तेथें वारले. शिजियाझुआंग येथें त्यांच्या समाधीवर एप्रिलांतल्या पितरांच्या दिवशीं आजहि लोक फुलें वाहतात.

माझ्या विद्यार्थ्याचें कुटुंबहि पुढें कॅनडास गेलें असें ऐकलें. पत्ता मिळाला नाहीं. १७ फेब्रुवारी २०२६ रोजीं पुन्हा तीच तारीख व तीच माघी अवस आली. एकोणीस वर्षांनीं तिथि-तारखांची गांठ पडते, आणि हीं दोन एकोणिशे झालीं. मी नातीस घेऊन माझगांवास गेलों. डॉकयार्ड रोड स्टेशनापासून जवळच, नबाब टँक रस्त्यावर, १९१९ सालीं बांधलेलें चिनी देऊळ आहे. दक्षिण चीनमधील ग्वांगडुंग प्रांताच्या चार परगण्यांतून आलेल्या लोकांचें तें. वरच्या मजल्यावर क्वान कुंग, म्हणजे एक प्राचीन सेनापति, जो पुढें देवपदास चढला. लाल मेणबत्त्या आणि उदबत्त्यांचा इतका धूर कीं, नातीच्या डोळ्यांस पाणी आलें.

एका वृद्ध बाईंनीं स्वच्छ हिंदींत विचारलें, "आप किसके साथ आये हैं?" मला चटकन उत्तर सुचेना. "माझा एक विद्यार्थी होता," एवढेंच मराठींत तोंडून निघालें. त्यांना काय समजलें कोण जाणे. त्यांनीं देवापुढचें एक संत्रें उचलून नातीच्या हातांवर ठेवलें.

तें घरीं आणून सोललें. दहा फांकी निघाल्या, आणि आम्ही खाणारीं अकरा. मीं घेतली नाहीं.